तुम्ही विचारलंत म्हणून: चषकांची यादी तयार आहे, आता क्लबचा इतिहास कसा लिहायचा?

अमेरिकेतल्या स्थलांतरितांनी काढलेल्या जुन्या हौशी फुटबॉल क्लबांवर लिहितो म्हटलं की एक प्रश्न हमखास येतो. विचारणारे बहुधा क्लबच्या कार्यकारिणीतले असतात, नाहीतर संस्थापकांपैकी कुणाचा तरी नातू किंवा नात. "आमच्या क्लबला पंचाहत्तर वर्षं होतायत, पुस्तक काढायचं ठरलंय. जिंकलेल्या चषकांची यादी आहे, भिंतीवर फोटो आहेत. आता पुढे काय?"

यादी बाजूला ठेवा आणि खजिनदाराच्या वह्या शोधायला लागा. आधी संघ झाला आणि मग त्याच्याभोवती मंडळ जमलं, असं या क्लबांचं फारसं झालेलं नाही. भाड्याची खोली, ठरलेली वर्गणी, आजारपणात मदत, वर्षातून एक-दोन नाचाचे कार्यक्रम, असं मंडळ पुष्कळ ठिकाणी आधी होतं आणि त्या मंडळाने अकरा जण मैदानात उतरवले. मंडळ कसं चाललं हे कळलं, की संघ कधी बहरला आणि कधी आटला हे उलगडायला लागतं. चषकांपासून सुरुवात केली की हाती निकालांची जंत्री उरते, आणि ती इतर कुणीतरी आधीच छापलेली असते.

वह्या सापडेपर्यंत एक काम घरबसल्या होतं. एका लांब कागदावर रेघ ओढा. रेघेच्या वर अमेरिकेचे स्थलांतराचे कायदे आणि मायदेशातल्या घडामोडी लिहा, खाली क्लबची वर्षं. १९२४ च्या कोटा कायद्याने दक्षिण आणि पूर्व युरोपातून येणाऱ्यांचा ओघ जवळजवळ तोडला. १९४८ मध्ये महायुद्धातल्या विस्थापितांसाठी वेगळा कायदा झाला आणि छावण्यांमधले युक्रेनियन, पोलिश, बाल्टिक लोक येऊ लागले. १९५६ च्या उठावानंतर हंगेरियन आले. १९६५ मध्ये देशवार कोट्याची जुनी पद्धत मोडीत निघाली. आता खाली पाहा. देशभरातल्या क्लबांसाठी असलेला राष्ट्रीय चॅलेंज कप, म्हणजे आजचा यूएस ओपन कप (पुढे मी त्याला खुला चषक म्हणतो), १९१३-१४ च्या हंगामापासून खेळला जातोय. फिलाडेल्फियाच्या युक्रेनियन नॅशनल्सनी तो १९६०, १९६१, १९६३ आणि १९६६ मध्ये जिंकला. न्यूयॉर्क हंगेरियाने १९६२ मध्ये. दोन्ही ठिकाणी माणसांचा लोंढा आणि चषक यांत काही वर्षांचंच अंतर आहे.

पण इथेच घाई होते. वर्षं जुळली म्हणजे कारण सापडलं असं नाही. प्रत्येक खेळाडू कधी आला ते तपासावं लागतं. १९०६ नंतरच्या नागरिकत्वाच्या अर्जांवर आगमनाची तारीख, बंदर आणि बहुतेकदा जहाजाचं नावही मिळतं. हे अर्ज राष्ट्रीय अभिलेखागारात किंवा त्या त्या न्यायालयाच्या दप्तरात असतात. चषक जिंकणाऱ्या अकरा जणांचे अर्ज काढलेत, तर निम्मे खेळाडू इथेच जन्मलेले निघू शकतात. मग गोष्टच बदलते.

मॅसॅच्युसेट्समधल्या फॉल रिव्हरच्या पोन्ता देल्गादा क्लबचं उदाहरण घ्या. नाव अझोर्स बेटांवरच्या शहराचं, सभासद पोर्तुगीज वंशाचे. १९४७ मध्ये त्यांनी राष्ट्रीय खुला चषक आणि राष्ट्रीय हौशी चषक असे दोन्ही जिंकले. त्याच उन्हाळ्यात हवानाला उत्तर अमेरिकेची स्पर्धा होती आणि अमेरिकेच्या महासंघाने वेगळा संघ निवडायच्या भानगडीत न पडता हा क्लबच राष्ट्रीय संघ म्हणून पाठवला. तिथे मेक्सिकोकडून ०-५ आणि क्यूबाकडून २-५ अशी हार झाली. त्या क्लबचे जॉन सूझा आणि एड सूझा हे दोघं १९५० च्या विश्वचषकात, बेलो होरिझोंतेला इंग्लंडला १-० ने हरवणाऱ्या अमेरिकन संघात खेळले. दोघेही फॉल रिव्हरमध्येच जन्मलेले. म्हणजे नाव अझोर्सचं असलं तरी संघ दुसऱ्या पिढीचा होता, कारण १९२४ नंतर नवी माणसं येणं थांबल्यासारखंच होतं. याउलट १९६० च्या युक्रेनियन नॅशनल्समागे नुकतीच देशोधडीला लागलेली पिढी होती. दोन्ही क्लबांना आपण "स्थलांतरितांचा क्लब" म्हणतो, पण एका ठिकाणी मुलं आईवडिलांच्या मंडळात खेळतायत आणि दुसऱ्या ठिकाणी आईवडीलच खेळतायत. इतिवृत्ताची भाषा, वर्गणीचं गणित, भांडणांचे विषय, सगळं यावरून ठरतं. तुमचा क्लब यातला कुठला आणि एकातून दुसऱ्यात तो कोणत्या वर्षी गेला, हे पुस्तकाच्या पहिल्या दोन प्रकरणांत आलंच पाहिजे.

आता वह्या. त्या क्लबच्या कपाटात क्वचितच असतात. शेवटचा चिटणीस किंवा खजिनदार वारला की त्या त्याच्या तळघरात राहतात आणि घर विकताना कचऱ्यात जातात. म्हणून कार्यकारिणीच्या जुन्या याद्या काढून पदाधिकाऱ्यांच्या कुटुंबांना आधी गाठा, खेळाडूंना नंतर. हा क्रम उलटा केला की सहा महिने आठवणी गोळा होतात आणि तेवढ्यात कागद जातात.

खजिनदाराच्या वहीत मैदानाचं भाडं, पंचांचं मानधन, धुलाई, चेंडू, बसभाडं, लीगची फी आणि जमेच्या बाजूला वर्गणी, नाचाची तिकिटं, बार अशा ओळी असतात. यजमान संघाने पंचाला पैसे द्यायचे असा लीगचा नियम असेल, तर मानधनाच्या नोंदी मोजा. घरच्या मैदानावर किती सामने झाले ते समजतं, आणि वर्तमानपत्रातून हरवलेल्या सामन्यांच्या तारखाही सापडतात. मैदानाचं भाडं अचानक दुप्पट झालं किंवा नोंदच बंद झाली, तर त्या वर्षी जागा बदलली असं धरून पुढचा शोध घ्या. बारचा गल्ला वाढतोय आणि वर्गणी घटतेय, तर सभासद नसलेले लोक यायला लागलेत. "प्रवासखर्च" या सदराकडे नीट पाहा. घरच्या सामन्यांच्या आठवड्यातही ठरावीक दोघातिघांना प्रवासखर्च मिळत असेल, तर हौशी क्लब चांगल्या खेळाडूंना हातावर काहीतरी ठेवत होता. हे लपवू नये असं माझं ठाम मत आहे. त्या खेळाडूंना कारखान्यातली पाळी बुडवून यावं लागत होतं, आणि क्लबला याची जाणीव होती, याचाच तो पुरावा आहे.

इतिवृत्ताच्या वह्यांची अडचण वेगळी. त्यांत सामन्यांविषयी फार कमी सापडतं, कारण निकाल सभेला आलेल्या सगळ्यांना माहीत असायचा. दंड, राजीनामे, कुणी शर्ट परत केला नाही, कुणाच्या आजारपणाला किती रक्कम मंजूर झाली, हे मात्र भरपूर असतं. पानं गाळू नका. कोरी पानंसुद्धा क्रमाने फोटो काढून ठेवा, कारण कोरा राहिलेला वर्षभराचा पट्टा हीसुद्धा माहिती आहे. इटालियन आणि जर्मन क्लबांच्या वह्यांत १९४१-४२ च्या आसपास असा खंड दिसला, तर लगेच "क्लब बंद पडला" असं लिहू नका. युद्धात उतरल्यावर अमेरिकेने नागरिकत्व न घेतलेल्या जर्मन आणि इटालियन लोकांना शत्रुदेशाचे रहिवासी ठरवलं होतं. इटालियनांवरचा तो शिक्का ऑक्टोबर १९४२ मध्ये उठला. त्या काळात क्लब खेळत असू शकतो आणि तरीही त्याने त्या भाषेत कागद ठेवलेला नसेल. लीगच्या गुणतक्त्यात नाव आहे का, ते आधी बघा.

भाषेचा आणखी एक फटका जर्मन क्लबांच्या जुन्या वह्यांत बसतो. १९२० च्या दशकातली हस्तलिखितं बहुधा कुरेंट किंवा झ्युटर्लिन वळणात असतात. आजचा जर्मन माणूस भाषा येत असूनही ती वाचू शकत नाही. आपल्याकडे मोडीचं जे झालं तेच. क्लबमधल्या जर्मन जाणणाऱ्या सभासदाकडे वही देऊन वर्षभर वाट पाहण्यापेक्षा, त्या वळणाचा वाचक पहिल्याच आठवड्यात शोधा.

नावांचा घोळ हा सगळ्यांत जास्त चुका करवणारा भाग आहे, म्हणून त्यावर जरा रेंगाळतो. ब्रुकलिन इटालियन्स हा १९४९ चा क्लब. त्यांनी खुला चषक १९७९ आणि १९९१ मध्ये जिंकला. पण १९७९ च्या विजेत्यांच्या यादीत "ब्रुकलिन इटालियन्स" शोधाल तर सापडणार नाही. तिथे "ब्रुकलिन डॉजर्स" लिहिलेलं आहे, कारण तेव्हा क्लब त्या नावाने खेळत होता. ज्याला बेसबॉल माहीत आहे त्याचा गोंधळ आणखी वाढतो: बेसबॉलचा डॉजर्स संघ १९५७ च्या हंगामानंतर ब्रुकलिन सोडून लॉस एंजेलिसला गेला होता. दुसरा सापळा ग्रीक अमेरिकन नावाचा. १९६७, १९६८, १९६९ आणि पुन्हा १९७४ मध्ये जिंकलेला क्लब न्यूयॉर्कचा. १९८५ आणि १९९४ मध्ये जिंकलेला सॅन फ्रान्सिस्कोचा. दोन वेगळे क्लब, मध्ये अख्खा देश. यादीतून नुसतं नाव उचलणारे हे सहा चषक एकाच्याच नावावर सहज टाकतात. १९९४ च्या अंतिम सामन्यातला प्रतिस्पर्धी मिलवॉकीचा बव्हेरियन क्लब होता, आणि त्याच्या नावाला तेव्हा लाइननकुगल या प्रायोजक बिअरचं नाव जोडलेलं होतं. फिलाडेल्फियाचे युक्रेनियन नॅशनल्स त्यांच्या स्वतःच्या लोकांत "त्रिझुब" म्हणून ओळखले जातात, आणि युक्रेनियन मजकुरात ते त्याच नावाने शोधावे लागतात.

म्हणून मजकूर लिहायच्या आधी नावांचा तक्ता करा. कधीपासून, कधीपर्यंत, कोणतं नाव, बदलाचं कारण, पुरावा. कारणं चार-पाचच असतात: दोन क्लबांचं विलीनीकरण, प्रायोजक, लीगचा नियम, युद्ध, आणि फुटून बाहेर पडलेला गट. नावात जोडरेघ दिसली की विलीनीकरण झालं होतं का ते शोधा. दोन क्लब एक झाले असतील तर स्थापनेचं वर्ष कोणाचं धरायचं यावर कार्यकारिणीत हटकून वाद होतो. मी म्हणेन दोन्ही छापा. राज्याकडे केलेल्या संस्था-नोंदणीचा दाखला मिळाला तर त्यावर नोंदणी करणाऱ्यांची नावं आणि पत्ते असतात. मात्र नोंदणीची तारीख म्हणजे स्थापनेची तारीख नव्हे. बरेच क्लब आधी काही वर्षं तसेच खेळले आणि जागा विकत घ्यायची वेळ आली तेव्हा नोंदले गेले.

माणसांच्या नावांचंही हेच. पोन्ता देल्गादाच्या त्या दोन सूझांचं एकमेकांशी नातं नव्हतं. काही नोंदींत ते सूझा-नेतो आणि सूझा-बेनाविदिस असे वेगळे ओळखू येतात, काहींत नुसते सूझा. युक्रेनियन वोलोदिमिर अमेरिकेत वॉल्टर होतो. युक्रेनियन नॅशनल्सकडून खेळलेले आणि पुढे १९७६ ते १९८० या काळात अमेरिकेच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक असलेले वॉल्टर चिझोविच हे त्यातलेच एक. प्रत्येक खेळाडूसाठी एक कार्ड ठेवा आणि त्यावर दिसलेलं प्रत्येक स्पेलिंग, त्या त्या लिपीत, स्रोतासकट लिहा. "बरोबर" रूप शेवटी ठरवा, आणि कुटुंब कसं लिहितं ते विचारून ठरवा. पत्ता हाती असेल तर १९५० च्या जनगणनेचे फॉर्म कामाला येतात. बहात्तर वर्षांच्या गोपनीयतेनंतर ते २०२२ मध्ये खुले झाले आहेत, आणि त्यांत जन्मस्थान आणि व्यवसाय दोन्ही मिळतात. एकाच कारखान्यात काम करणारे पाच खेळाडू सापडले, की संघ कसा जमला हे निराळं सांगायची गरज उरत नाही.

वर्तमानपत्रांकडे यानंतर वळा. इंग्रजी दैनिकांनी या लीगना दोन ओळी दिल्या, त्याही अधूनमधून. खरी बातमी समाजाच्या पत्रात असते: युक्रेनियनांसाठी १८९३ पासून निघणारं स्वोबोदा, ग्रीकांसाठी १९१५ चं एथनिकोस किरिक्स, न्यूयॉर्कच्या जर्मनांसाठी १८३४ चं श्टाट्स-त्साइटुंग, जर्मन ज्यूंसाठी १९३४ चं आउफबाउ. यातल्या काहींचे जुने अंक आता संगणकावर पाहता येतात. पण नुसत्या शब्दशोधावर विसंबू नका. जुनी छपाई यंत्राला नीट वाचता येत नाही आणि नेमकं खेळाडूचं नाव चुकतं. सामने बहुधा रविवारी होत, म्हणून सोमवार ते बुधवारचे अंक पानापानाने चाळा, निदान एका हंगामाचे तरी. आणि प्रतिस्पर्ध्यांच्या भाषेतलं पत्रही वाचा. आपल्या पत्रात पंचाने अन्याय केलेला असतो, त्यांच्या पत्रात आपला बचावपटू आडदांड असतो, आणि गोल कुणी केला हे बहुतेक वेळा दोन्हींत जुळतं.

निकालांच्या तक्त्यात तारीख, स्पर्धा, प्रतिस्पर्धी, मैदान, गोलसंख्या, गोल करणारे आणि स्रोत असे रकाने हवेत. दोन पत्रांत वेगळा आकडा असेल तर दोन ओळी करा, सरासरी काढल्यासारखं मधलं काही लिहू नका. आकडे न जुळण्याची नेहमीची कारणं ठाऊक असली की निम्मा त्रास वाचतो. पुष्कळ लीगमध्ये मुख्य सामन्याआधी त्याच मैदानावर राखीव संघांचा सामना होई, आणि पत्राला भलताच निकाल कळवला जाई. चषकाचा अंतिम सामना बऱ्याच वर्षी दोन लढतींचा होता, आणि एका पत्राने पहिल्या लढतीचा आकडा दिला तर दुसऱ्याने बेरीज. हंगाम शरद ऋतूत सुरू होऊन वसंतात संपतो, त्यामुळे १९४६-४७ चं विजेतेपद कुणी १९४६ चं म्हणतं, कुणी १९४७ चं. मैदानात न आलेल्या संघाविरुद्धचा बहाल केलेला विजय गुणतक्त्यात असतो, पण तो सामना कधी झालेलाच नसतो.

मैदानाला स्वतंत्र प्रकरण द्या. हा माझा आग्रह आहे. न्यूयॉर्कमधल्या क्वीन्सच्या मॅस्पेथ भागातलं मेट्रोपॉलिटन ओव्हल हे मैदान १९२५ मध्ये जर्मन आणि हंगेरियन स्थलांतरितांनी उभं केलं आणि तिथे आजही फुटबॉल चालतो. १९५१ मध्ये खुला आणि हौशी असे दोन्ही चषक जिंकणारा जर्मन-हंगेरियन क्लब याच वस्तीतल्या माणसांचा. जॉन सूझाही तोवर फॉल रिव्हरहून येऊन त्यांच्याकडून खेळत होता. जागा स्वतःची होती की पालिकेची की कुण्या बिअर गार्डनवाल्याची, यावर क्लबचं आयुष्य ठरतं. खरेदीखत, विमा कंपन्यांसाठी काढलेले सॅनबॉर्नचे नकाशे आणि हवाई छायाचित्रं हे तीन मिळाले तर मैदान कधी होतं आणि कधी त्यावर इमारती आल्या हे नक्की सांगता येतं. क्वीन्समध्येच गोत्शे प्रदेशातून, म्हणजे आजच्या स्लोव्हेनियातल्या कोचेव्येतून आलेल्या जर्मनभाषकांनी १९५१ मध्ये ब्लाउ-वाइस गोत्शे क्लब काढला. तो आज मुख्यत्वे मुलांच्या प्रशिक्षणासाठी ओळखला जातो, आणि शिकणारी मुलं कुठल्याही समाजाची असतात. मुलांचे संघ कधी सुरू झाले आणि त्यांत बाहेरच्यांना कधी घेतलं, या दोन तारखा तुमच्या क्लबसाठीही शोधा. त्यासाठी मुलांच्या नोंदणीचे अर्ज लागतात, आणि ते सहसा सगळ्यांत आधी फेकून दिलेले असतात.

फोटोंची तारीख ठरवताना पायाशी ठेवलेला चेंडू पाहा. त्यावर पुष्कळदा रंगाने हंगाम लिहिलेला असतो. काळ्यापांढऱ्या ठोकळ्यांचा चेंडू १९७० च्या विश्वचषकातल्या टेलस्टारनंतर सर्रास झाला. तपकिरी, वादी बांधलेला चेंडू त्याच्या बराच आधीचा. छातीवरची अक्षरं उलटी दिसली तर फोटो उलटा छापलाय, आणि मग डावीकडून उजवीकडे लावलेली नावं सगळीच चुकलेली असतात. दोन्ही बाजू ६०० डीपीआयने स्कॅन करा. मागे लिहायचंच असेल तर मऊ पेन्सिलने, कडेला. चिकटपट्टी कधीच लावू नका.

मुलाखती एवढं सगळं झाल्यावर. रिकाम्या हाताने गेलात तर तेच तीन विजय ऐकायला मिळतील. फोटो आणि हिशेबाच्या वहीतलं एखादं पान घेऊन जा. "कोणत्या वर्षी?" असं विचारू नका. "तेव्हा कामाला कुठे होता? लग्न झालं होतं का?" असं विचारा, वर्ष तुम्हाला काढता येईल. तासाभराने थांबा आणि पुन्हा या. क्लबच्या स्वयंपाकघरात राबलेल्या बायकांना वेगळं बसून ऐका, नवऱ्यासमोर नको. त्यांची नावं इतिवृत्तात नसतात, पण वर्धापनदिनाच्या स्मरणिकांतल्या आभाराच्या पानावर असतात. स्मरणिका हा या सगळ्यातला सर्वांत दुर्लक्षित कागद आहे. लोक त्यातला अध्यक्षांचा लेख वाचतात आणि जाहिराती उलटतात. जाहिरातीच वाचा. कोणता खाटीक, कोणता अंत्यविधीवाला, कोणता वकील किती वर्षं पान घेत होता आणि त्यांचे पत्ते कोणत्या वर्षापासून उपनगरातले व्हायला लागले, हे दहा स्मरणिका शेजारी ठेवल्या की दिसतं. क्लब का आटला याचं त्याहून भक्कम उत्तर मला दुसऱ्या कुठल्या कागदात सापडलेलं नाही.

पुस्तक छापायला जाण्याआधी मूळ कागद कुठे जाणार ते ठरवा. स्थलांतरितांच्या संस्थांचे कागद सांभाळणारे संग्रह आहेत. मिनेसोटा विद्यापीठातला संग्रह १९६५ पासून हेच काम करतोय. देताना कागद वर्षवार लावायचा मोह टाळा. खजिनदाराने जसे गठ्ठे बांधले होते तसेच द्या, कारण कोणता कागद कशाला लागून होता हेही अभ्यासकाला लागतं. स्कॅनची एक प्रत क्लबकडे, एक संग्रहाकडे आणि एक तिसऱ्याच गावातल्या सभासदाकडे ठेवा. पुस्तकाच्या शेवटी नामसूची द्या आणि तिच्यात प्रत्येक खेळाडूची सगळी स्पेलिंगं घाला, म्हणजे आजोबांचं नाव वेगळ्या तऱ्हेने लिहिणाऱ्या नातवालाही ते पान सापडेल.